ज्याचा मासा त्याला झाड

दिवाळीआधी हिराआत्याने घराला रंग द्यायला काढला. रंगाऱ्याने देवांच्या तसबिरी उतरवल्या, आत्याच्या नवऱ्याचा हार घातलेला फोटो उतरवला आणि शेवटी टीव्हीच्या वर भिंतीला चिकटवलेल्या कागदाकडे बोट करून विचारलं, "मौसी, ये भी निकालूं?"

"त्याला हात नको लावू," आत्या आतून ओरडली. "बाजूबाजूने मार रंग."

"भगवान निकाला, और कागज नहीं?"

"देव परत टांगता येतात. तो कागद ज्यांनी लावला, ते आता येनार नाय."

रंगाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने कागदाच्या चारी बाजूंनी पट्टी लावली आणि मुकाट्याने रंग मारला.

त्या कागदावर एक झाड आहे. पान नाही, फूल नाही. नुसत्या काळ्या रेघा, एकीतून दोन फुटलेल्या, दोनांतून चार, आणि प्रत्येक रेघेच्या टोकाला एका माशाचं इंग्रजी नाव. आत्याला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. पण आमच्या खाडीच्या निवट्या कुठल्या कुठल्या रेघांवर बसल्या आहेत, ते ती डोळे मिटून दाखवते.

झाड मगदूम सरांचं. गेल्या वर्षी सर गेले. सांगलीकडच्या त्यांच्या गावात वारले, आम्हाला उशिरा कळलं. तेव्हापासून त्यांच्याबद्दल लिहायचं मनात होतं. रंगाऱ्याने निमित्त दिलं.

आधी माझ्याबद्दल थोडं, म्हणजे सर कुठून दिसले ते कळेल. मी खाडीकाठच्या गावातली, म्हात्र्यांची. बाप होडी घेऊन खाडीत जायचा, आई आणि हिराआत्या बाजारात बसायच्या. आमच्या घरात कॉलेजचा जिना चढलेली मी पहिली. आज करंजाड्याला माझा स्वतःचा फ्लॅट आहे, आणि ऐरोलीच्या एका कंपनीत मी कॉम्प्युटरवर जिवांचे डीएनए एकाखाली एक लावून बघते. हे मी न लाजता सांगते. गावात अजून विचारतात, "म्हंजे नक्की काय करतेस गं?" तेव्हा मी सरांचंच उत्तर देते: "कोण कुणाचा सोयरा, ते शोधते."

मगदूम सर आम्हाला एम.एस्सी.ला प्राणिशास्त्र शिकवायला होते. अंगाने किरकोळ, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पँट घोट्याच्या वर दुमडलेली. कॉलेजात कुठे चिखल आहे म्हणून नव्हे. सकाळी खाडीवर जाऊन आलेले असत आणि पँट खाली सोडायची विसरत. खिशात पेन नसायचं, छोटी कात्री असायची. पेन ते विद्यार्थ्यांकडून मागून घेत आणि हमखास परत देत.

त्यांच्या टेबलावर पंख्याखाली एक विचित्र झुंबर टांगलेलं होतं. सायकलच्या चाकाच्या तारा वाकवून, दोऱ्याने एकमेकींना बांधून स्वतः केलेलं. प्रत्येक तारेच्या टोकाला पुठ्ठ्याचा एक प्राणी: मासा, बेडूक, पाल, कोंबडी, गाय, माणूस. पहिल्याच तासाला त्यांनी आमच्यातल्या एकाला उभं केलं.

"वाच."

त्याने टोकं वाचली. मासा, बेडूक, पाल, कोंबडी, गाय, माणूस. "सर, माशापासून सुरू होऊन माणसापर्यंत प्रगती होत गेली."

"बरं. कोंबडीच्या शेजारी कोण?"

"गाय."

"म्हणजे कोंबडी आणि गाय जवळच्या?"

"हो सर."

"पंखा लावा," सर म्हणाले.

पंखा लागला. झुंबर फिरलं, प्रत्येक तार आपापल्या गाठीभोवती गरगरली. पंखा बंद केला तेव्हा कोंबडी पार माशाच्या शेजारी लटकत होती आणि माणूस मधेच कुठेतरी.

"आता? कोंबडी माशाची बहीण झाली व्हय? शेजारी बदलले. गाठ सुटली का एक तरी? शेजारी म्हणजे सोयरा नव्हे, लेको. दोघांकडनं वर वर जा आणि गाठ कुठं पडते ते बघा. आणि माणूस टोकाला आहे म्हणून शेवटचा, असलं काही डोक्यात असेल तर ते खिडकीतून बाहेर टाका. सगळेच टोकाला आहेत. आज जिवंत असलेला प्रत्येक जण टोकालाच असतो."

मी पहिल्या बाकावर होते. कॉलेजात आल्यापासून पहिल्यांदा मला वाटलं की हे माझ्याबद्दल चाललंय. आमच्या गावाच्या चारी बाजूंनी टॉवर आले, टॉवरमधल्या लोकांना वाटतं हे गाव म्हणजे मागे राहिलेलं काहीतरी. सगळेच टोकाला आहेत, हे मी तेव्हापासून गाठीला बांधलं.

डीएनएवरून नातं कसं काढतात, हे त्यांनी आरतीवरून सांगितलं. सर जैन, पण सोसायटीच्या गणपतीत टाळ घेऊन पहिल्या रांगेत. "आरती पुस्तकात बघून कोण म्हणतंय? ऐकून ऐकून पाठ होते," ते म्हणायचे. "मग एखाद्या घरात एक शब्द चुकतो. त्या घरातली पोरं तीच चूक घेऊन मोठी होतात, लग्न करून दुसऱ्या गावाला जातात, तिथं तीच चूक शिकवतात. आता तुम्ही दहा घरं फिरा. ज्या घरांत तीच चूक ऐकू येते, ती घरं एकाच माणसाकडून शिकली. बरोबर शब्दांवरून काही कळत नाही, ते सगळ्यांचेच सारखे. चुका बघा. डीएनए म्हणजे चार अक्षरांतली लांबच लांब आरती. नक्कल होता होता एखादं अक्षर बदलतं, आणि ते पुढच्या सगळ्या लेकरांत जातं."

"पण सर," कुणीतरी विचारलं, "दोन घरांत दोन वेगळे शब्द असले, तर चूक कुणाची हे कसं कळणार?"

सर खूश झाले. खूश झाले की ते कात्री खिशातून काढून हवेत दोनदा कचकच वाजवत. "तिसऱ्याला विचारा! लांबच्या, दोघांशीही घेणं-देणं नसलेल्या घरात जा आणि ऐका. तिथं जो शब्द आहे तो जुना. आमच्याकडं सोयरीक जमवताना हेच करतात. पोरीकडच्यांना विचारत नाहीत, पोराकडच्यांनाही विचारत नाहीत. बसस्टँडवरच्या चहावाल्याला विचारतात."

अशा लांबच्या तिसऱ्यासाठी पुस्तकात आउटग्रुप हा शब्द होता. आमच्या वर्गात तो चहावाला म्हणूनच ओळखला गेला. मी आजही मीटिंगमध्ये चुकून म्हणते, "चहावाला कुठला घेतलाय?" आणि ऐरोलीची मुलं बघत राहतात.

सरांचा अभ्यास निवटीवर होता. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: निवटी हा ओहोटीला चिखलावर उड्या मारणारा मासा. डोळे डोक्यावर, बेडकासारखे. पाण्याबाहेर निवांत राहतो, बिळात घर करतो. आमच्या बायका गुडघाभर चिखलात शिरून बिळात हात घालून निवट्या धरतात. कालवण असं होतं की घरात कुणी बोलत नाही.

आणि हा माणूस कांदासुद्धा खात नसे.

पहिल्यांदा ते आमच्या खाडीवर आले तेव्हा मीच घेऊन गेले होते. हिराआत्या टोपली घेऊन चिखलातून वर येत होती. सरांनी नमस्कार केला आणि एक जिवंत निवटी मागितली. आत्याने मोठी बघून दिली. सरांनी ती ओल्या हाताने अलगद धरली, कात्री काढली, शेपटीच्या पराचं तांदळाएवढं टोक कापून बाटलीत टाकलं आणि निवटी परत चिखलात सोडली.

आत्या बघतच राहिली. "ओ सर! सोडलीत कशाला?"

"माझं काम झालं, हिराबाई."

"येवढी मोठी! मी निसती हात घालून घालून काढली. तुमी खात नाय?"

"नाही हो. जैन आहे मी."

"खात नाय, मंग बगताव कशाला?"

सरांनी खरंच विचार केला. "खाणाऱ्याला चव कळते. मला तिचं घराणं कळून घ्यायचंय."

"मला विचारा ना घरानं! तिची आय पन चिखलात, आजी पन चिखलात," आत्या म्हणाली, आणि चिखलातल्या सगळ्या बायका हसल्या. सरही हसले. पण निघताना त्यांनी वहिवाटीसारखी एक गोष्ट सांगितली, जी नंतर कधी मोडली नाही. "तुमचा मासा मी घेतला. त्याचं जे झाड निघेल, ते आधी तुमच्या घरी येईल. मग कॉलेजात, मग छापायला. ज्याचा मासा त्याला झाड."

पुढे आत्याच त्यांच्यासाठी निवट्या राखून ठेवायला लागली. एकदा तिला बिळात एक निवटी सापडली, शेपटीला बारीक खाच पडलेली. ती बाजारात विकायच्या पाटीत न टाकता आत्या ती पाण्याच्या डब्यात घालून कॉलेजच्या गेटवर घेऊन आली. वॉचमन सोडेना. सर धावत खाली आले.

"घ्या तुमची पोरगी," आत्या म्हणाली. "हिला मी कशी इकू? निशानी केलेली हाय."

कधी खरोखर इलाज नसे म्हणून निवटीचा एखादा अख्खा नमुना ठेवावाच लागे. तो बाजारात आधीच मेलेला घेत, आणि तरी त्या दिवशी सर उपास करत. कुणाला सांगत नसत. डबा उघडला नाही की आम्ही ओळखायचो.

त्यांच्या सोसायटीतही या निवट्यांमुळे गंमत झाली होती. खांदेश्वर स्टेशनपासून चालत जाण्याजोग्या एका बिल्डिंगमध्ये ते राहायचे. कधी भरतीची वेळ अशी यायची की कॉलेजात जायच्या आधी बादली घरी न्यावी लागे. लिफ्टमध्ये खाडीच्या चिखलाचा वास. तक्रारी झाल्या आणि खाली बोर्डावर नोटीस लागली: लिफ्टमधून मासळी नेऊ नये. अख्ख्या बिल्डिंगमध्ये रविवारी पापलेट-सुरमईचा घमघमाट, आणि मासळीची नोटीस लागली ती मासळी न खाणाऱ्या एकट्या माणसामुळे. सर ही गोष्ट स्वतःच सांगत आणि शेवटी म्हणत, "मी चौथ्या मजल्यापर्यंत जिन्याने नेतो. निवटीला चढायची सवय आहे, मला नाही."

आता मूळ गोष्टीकडे येते.

सरांनी कच्छपासून खाली मालवणपर्यंतच्या निवट्यांचे तुकडे मिळवले होते. सगळ्यांचा एक ठरलेला जीन वाचला. झाड काढलं. आणि त्या झाडात आमच्या खाडीच्या निवट्या सगळ्यांपासून तुटून एका वेगळ्या, लांब फांदीवर बसल्या. गाठही भक्कम, कॉम्प्युटरने तीच माहिती उलटसुलट पिसून पुन्हा पुन्हा झाड काढलं, तरी ती फांदी जागची हलेना. सर याला 'गाठीला धीर आहे' म्हणायचे. त्या गाठीला भरपूर धीर होता.

याचा अर्थ, आमच्या खाडीची निवटी ही जगात दुसरीकडे नसलेली वेगळी जात असू शकते.

ठरल्याप्रमाणे झाड आधी आत्याकडे आलं. सरांनी गावातल्या ओट्यावर उभं राहून सगळ्यांना ते समजावून सांगितलं. म्हातारी माणसं टाळ्या वाजवत होती. आत्याने तो कागद खांदेश्वरला नेऊन लॅमिनेट करून आणला आणि टीव्हीवर लावला. बाजारात तिचा भाव चढला. गिऱ्हाइकाने घासाघीस केली की म्हणायची, "ओ ताई, ही आपल्या खाडीची हाय. दुनियेत दुसरीकडं नाय. सरांनी काढलंय."

त्याच सुमारास खाडीतला चिखल बुजवून तिथे कंटेनर ठेवायचं आवार करायची योजना आली. बुजवायचा म्हणजे नेमका आमच्या बायका जिथे उतरतात तो भाग. जनसुनावणी लागली. गावाच्या समितीचे काशिनाथदादा माझ्या वडिलांचे दोस्त, बोलायला पुढे. त्यांनी ठरवलं, आपला हुकमाचा पत्ता निवटी. जगात नसलेला मासा इथे आहे, तर इथे भराव टाकून दाखवा! बॅनर छापला. बॅनरवर निवटीचा एवढा मोठा फोटो, डोळे वटारलेला, आणि खाली सरांचं नाव.

मी तेव्हा सरांकडे माझा प्रकल्प करत होते. सरांनी पहिल्यांदा वाचलेला जीन मायटोकाँड्रियाचा होता, म्हणजे पेशीतल्या त्या भागाचा जो फक्त आईकडून लेकरात येतो. अशी झाडं जगभर काढतात, सोपं पडतं. पण त्यात फक्त आईची, तिच्या आईची, तिच्या आईची वाट दिसते. बापाकडून काय आलं, ते त्यात नसतंच. माझं काम होतं, त्याच निवट्यांचे आई-बाप दोघांकडून येणारे जीन वाचायचे. छापायच्या आधी खात्री म्हणून.

ते झाड आलं आणि फांदी नाहीशी झाली.

आमच्या खाडीच्या निवट्या रत्नागिरीच्या, अलिबागच्या, गुजरातच्या निवट्यांमध्ये मिसळून गेल्या होत्या. कुठे एक, कुठे दोन. मला वाटलं माझ्या हातून बाटल्या बदलल्या. सरांनी पुन्हा करायला लावलं, स्वतः बाजूला उभे राहिले. चहावाला बदलून बघितला. झाड तेच.

सर खुर्चीत बसले. वर झुंबर फिरत होतं. त्यांनी उठून पंखा बंद केला.

"आजी वेगळी," ते शेवटी म्हणाले. "घर एकच. कुठली तरी फार जुनी आजी या खाडीत राहून गेली, तिची वाट टिकली. पण लेकरं पाण्यासोबत इकडून तिकडे जातात, लग्नं सगळ्यांची सगळ्यांत होतात. म्हात्रे, मीच तुम्हाला शिकवतो ना, एकाच साक्षीदारावर निकाल देऊ नका? आणि मी ओट्यावर उभा राहिलो."

"सर, तुम्ही 'असू शकते' म्हणाला होतात."

"मी म्हणालो होतो. त्यांनी ऐकलं नव्हतं. आणि त्यांनी ऐकलं नाही हे मला दिसत होतं. बरं वाटत होतं मला."

दुसऱ्या दिवशी ते गावात आले. आत्याच्या ओटीवर काशिनाथदादा, आत्या, मी. सुनावणी आठवड्यावर आलेली. सरांनी नवं झाड मांडीवर उघडलं आणि सगळं सांगितलं, जसं वर्गात सांगतात तसंच, काही न गाळता.

काशिनाथदादांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सर, तुमी खोटं बोलू नका. मी तुमाला खोटं बोलायला सांगतच नाय. फक्त गप बसा. सुनावनी होऊन जाऊ द्या, मंग काय ते छापा."

"दादा, गेल्या वेळी गप्प बसलो असतो तर आता गप्प बसता आलं असतं."

"तुमचं काय जातंय? चिखल आमचा."

"चिखल तुमचा. बॅनरवर नाव माझं आहे."

"म्हंजे तुमच्या नावापायी आमचा चिखल जायचा?"

"नावापायी नाही." सर अडखळले. मी त्यांना अडखळताना तेव्हाच एकदा पाहिलं. "उद्या त्यांच्याकडचा कुणी हेच जीन वाचेल. तेव्हा ते म्हणतील, गाव खोटं बोललं. तुमचं खरं असलेलंही मग कुणी ऐकणार नाही."

"उद्याचं उद्या. आज तर टिकंल?"

"टिकेल कदाचित," सर म्हणाले. "मी नाही म्हणत नाही. माझ्या बोलण्याने तुमचं नुकसान होऊ शकतं. ते मला माहीत आहे."

आत्या सरांच्या मांडीवरच्या झाडाकडे बघत होती. ती म्हणाली, "मी तुमाला हातानं मासा दिला, सर."

"म्हणून तर आधी इथं आलो, हिराबाई. अजून कॉलेजातसुद्धा सांगितलं नाही."

आत्या उठून आत गेली. चहा झाला नाही. आमच्याकडे कुणी चहाशिवाय ओटीवरून उतरत नाही. सर उतरले.

सुनावणीला ते आले. दुमडलेली पँट, तोच शर्ट. नाव पुकारल्यावर उभे राहिले आणि म्हणाले, पूर्वी मला ही निवटी वेगळी जात वाटली होती, ते चूक होतं. मंडपात कुजबुज झाली. योजनेच्या बाजूने आलेला एक टायवाला गृहस्थ पटकन उठला. "म्हणजे हा मासा सगळीकडे मिळतो?"

"हो."

"थँक यू सर."

"थांबा की! माझं बोलणं संपलेलं नाही," सर म्हणाले, आणि आवाज चढवून बोलत राहिले. मासा सगळीकडे आहे, कारण सगळीकडे चिखल आहे. चिखल गेला की मासा गेला, वेगळा असो की नसो. आणि त्या जुन्या आजीची वाट मला दुसऱ्या कुठल्या खाडीत सापडलेली नाही, ती या चिखलात आहे, तीही जाईल. नातं वेगळं असलं तरच जगायचा हक्क, असा कायदा माणसांत नाही, तर माशांत कशाला? हे सगळं ते बोलले. पण सगळ्यांच्या लक्षात राहिलं ते 'हो'.

पूर्वेकडचा चिखल बुजला. मुरमाचे डंपर कितीतरी दिवस येत होते. पश्चिमेकडचा राहिला, कशामुळे राहिला ते मला माहीत नाही, आणि सरांच्या बोलण्यामुळे राहिला असं मी म्हणणार नाही. गावातले काही जण अजूनही म्हणतात की मास्तराने घात केला. मला तसं वाटत नाही. पण जिची रोजची जागा बुजली, तिला माझं मत ऐकवायला मी जात नाही. माझा पगार चिखलातून येत नाही.

त्यानंतरही सर ओहोटी बघून येत राहिले. बांधावर उभे राहायचे, बादली बाजूला. कुणी निवटी देत नसे. बाजारात आत्याने त्यांना पाहिलं की ती पाटीवर पाणी शिंपडायला लागायची, निवट्यांवर नको तितकं. घरात मात्र भिंतीवरचं झाड तसंच होतं. ते जुनं, चुकीचं. मी एकदा म्हटलं, "आत्या, ते काढूया का?" ती म्हणाली, "मला ते झाड बरोबर हाय." मला त्या दोघांनीही कधी मध्ये ओढलं नाही. आत्या माझ्याशी सरांबद्दल कधी वाईट बोलली नाही, सरांनी कधी निरोप दिला नाही. फक्त विचारायचे, "हिराबाई उतरतात का अजून चिखलात?"

सर रिटायर झाले. खांदेश्वरचा फ्लॅट रिकामा करून गावी जायचं ठरलं. झुंबर त्यांनी कॉलेजातच ठेवलं, पंख्यासकट, असं ते म्हणाले. निघायच्या आदल्या दिवशी मला फोन आला. "म्हात्रे, एक काम राहिलंय. तुमच्या आत्याच्या घरी चला माझ्याबरोबर."

आम्ही गेलो तेव्हा आत्या ओटीवर वाल सोलत होती. तिने सरांकडे पाहिलं, मग त्यांच्या हातातल्या गुंडाळीकडे.

"आता काय आनलाव?"

"झाड. मागचं चुकीचं आहे. हे बरोबर आहे, छापून आलं आता. ज्याचा मासा त्याला झाड."

"मला नको."

"नको तर ठेवून द्या. पण ते चुकीचं तुमच्या भिंतीवर माझ्या नावाचं आहे. ते तिथं ठेवून मला गावाला जाता येत नाही, हिराबाई. जेवण जात नाही मला."

आत्या वाल सोलत राहिली. टरफलं एका बाजूला, दाणे एका बाजूला. सर उभेच. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "खुर्ची दे त्यांना."

मी बसायला म्हणून प्लॅस्टिकची खुर्ची आणली. सरांनी ती उचलून आत टीव्हीसमोर नेली आणि चपला काढून तिच्यावर चढले. खुर्चीचा एक पाय आखूड, ती डुगडुगली. एवढ्या वयाचा माणूस, हात वर करून नखाने चिकटपट्टी काढतोय. जुना कागद त्यांनी फाडला नाही, जपून सोडवून आत्याकडे दिला. मग नवा लावला. एक कोपरा, दुसरा कोपरा. खाली वाकून बघायचे, सरळ आहे का.

आत्या दाराशी आली होती. "आमची निवटी कुठं हाय याच्यात?"

"ही बघा. इथं. आणि ही एक इथं. आणि इथं दोन."

"पांगली म्हना."

"पांगली नाही. मिसळली. ही शेजारची अलिबागची, ही रत्नागिरीची. या सगळ्यांची गाठ बघा, इथं पडते. एकच."

आत्याने मान वर करून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "म्हंजे तिकडच्या पन आपल्याच."

"आपल्याच."

"बुजवलेल्यातल्या गेल्या त्या?"

शेवटचा कोपरा दाबून धरून सर तसेच उभे राहिले, पाठ आमच्याकडे. खुर्ची परत डुगडुगली.

तेव्हा आत्या पुढे झाली. वालाची साल लागलेले हात तिने लुगड्याला पुसले, खाली बसली आणि खुर्चीचा आखूड पाय दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"दाबा नीट," ती म्हणाली. "सावकाश. मी धरलंय."